बाजेखालची आई

आईच्या लाडक्या दादा,

सुरतेहून लिहितोय. काल आईचा फोन आला. दूध सोसायटीनं तुझी दूध मापायची जागा अजून भरली न्हाई, माझ्यासाठी ठेवलीय म्हणे. तवापासून डोकं फिरलंय. तू गेल्यावरही जागा तुझीच, आन त्यात मी बसायचं?

हा राग आजचा न्हाई. दुष्काळात तुझ्या डोळ्याचा पडदा सुटला, तवाचा हाय. डॉक्टरांनी पडदा बसवला आन डोळ्यात गॅसचा फुगा सोडला. फुगा वर चढतो, म्हणून पालथं पडून ऱ्हायचं, म्हणजे तो मागच्या पडद्याला दाबून धरतो.

तवा घराला कुलूप, जनावरं घेऊन सगळे सोसायटीच्या चारा छावणीत. आईनं तिथंच तुझी बाज टाकली, तोंडापुरती सुतळी उसवली. आन स्वतः बाजेखाली उताणी पडून तुझ्याशी बोलत बसायची! मी सुट्टी काढून आलो, तर मला तिचे नुसते पाय दिसले. खालून हसू येत होतं. माझ्याशी ती कधी तशी हसली का रे?

माजलगावच्या धरणाचं पाणी विचारावं तसं लोक विचारायचे, किती उरला फुगा? तू सांगायचास, घागरीतल्या पाण्यावाणी हलतोय. फुगा हाय तवर विमानात बसू नको, असंही डॉक्टर म्हणले होते. त्यावर सगळी छावणी हसली. मला तेही खुपलं. परमुलखात ऱ्हातो मी, आन विमानाची मनाई तुला!

दोन दिवसांत मी परत निघालो. तुझा डोळा लई छान बरा झाला. आन यंदा उसाच्या ट्रॅक्टरनं धडक देऊन तुलाच नेलं. असं कुणी जातं का, दादा?

काल आईला म्हणालो, मला त्याची जागा नको, तुला तोच प्यारा होता. ती म्हणाली, "आरं, तो पडून होता म्हणून बोलले. तू थांबतोस कुठं? भाकर थापूस्तोवर तुझी पिशवी खांद्यावर असती."



म्हणून ह्याच महिन्यात येतोय. दूध मापीन का न्हाई, ते मागनं बघू. पण आईपाशी ऱ्हाणार, ती बोलून बोलून दमेपर्यंत. तू तिकडून बघ, आन आता तू जळ जरा.

तुझा धाकटा,
रामा