मोजणी बरोबर आहे

प्रिय चिमणे,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते, पण तू माझ्या नुसत्या ‘हॅलो’वरून ओळखतेस आणि मग मी रडले असते. कागदावर रडलं तर निदान तुला ऐकू तरी येत नाही. आज कामाचा दिवस, भर दुपार, आणि तुझी ताई खिडकीशी बसून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे बघतेय. रजा घेतलेली नाही. मला घरी पाठवलंय. ऑपरेशन थिएटरमध्ये पुन्हा उभी राहू शकेन की नाही, कोण जाणे.

चमच्यांवरून तुम्ही सगळे मला किती चिडवायचात, आठवतंय? जेवणं झाली की टेबलावरचे चमचे मोजल्याशिवाय मी कुणाला उठू द्यायचे नाही. तुझे भावोजी तर हात वर करून उभे राहायचे, म्हणायचे, घ्या बाई झडती. मीही हसायचे. अगं, माझं कामच ते. पोट शिवायच्या आधी कात्र्या, चिमटे, गॉझचे तुकडे, सगळं मोठ्यानं मोजायचं, दुसऱ्या सिस्टरनं ताडून बघायचं, आणि मी ‘मोजणी बरोबर’ म्हटल्याशिवाय डॉक्टरांनी टाका घालायचा नाही. एवढ्या वर्षांत माझी मोजणी कधी चुकली नाही. आईचंच वळण, हातचं राखून काही करायचं नाही.

पण गेल्या वर्षी मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या, मग एक जण सोडून गेली, आणि दोघींच्या जागा भरल्याच नाहीत. एक पेशंट बाहेर काढला की दुसरा आत. घोटभर चहाला बसायची सोय नाही. मी कुरकुर केली नाही. उलट मनात म्हणायचे, मी नाही तर कोण? घ्या, मिरवा आता. मग झोप उडाली. डोळा लागलाच तर स्वप्नातही मोजायचे. गॅस बंद केला का म्हणून जिन्यातून परत यायचे, कुलूप ओढून ओढून बघायचे. त्यात एका रविवारी पाहुणे जेवायला आले होते आणि एक चमचा कमी भरला. मी दारातच उभी राहिले, कुणाला बाहेर पडू देईना. कचऱ्याची बादली फरशीवर उपडी केली. चमचा निघाला साखरेच्या डब्यात. कुणी हसलं नाही गं. दुसऱ्या दिवशी भावोजींनी गुपचूप सगळे चमचे माळ्यावर टाकले. आता आम्ही चहातली साखर सुरीच्या दांड्यानं ढवळतो.

आणि परवा ते झालं. ऑपरेशन साधंच होतं. मोजणी झाली, बरोबर भरली, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. म्हटलं, परत मोजू. बरोबर. पुन्हा मोजू. पुन्हा बरोबर. बाई भुलीत, पोट उघडं, आणि मी आपली मोजतेच आहे. डॉक्टर माझे जुने, कधी आवाज न चढवणारे. हळूच म्हणाले, “सिस्टर, बरोबर आहे. आता मला शिवू द्या.” तरी मला पटेना. शेवटी दुसरीला आत बोलावलं आणि मला बाहेर नेलं. ती बाई सुखरूप आहे. चूक झाली असती तर समजलं असतं गं. सगळं बरोबर असून मला ते खरं वाटेना, म्हणून माझी पाचावर धारण बसलीय.

मेट्रननी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. मी दिलं ठोकून, झोप छान, भूक छान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्ही दमलायत. वेड नाही लागलेलं तुम्हाला.” तेव्हा मात्र बांध फुटला. काही दिवस कामाचं नाव काढायचं नाही, आणि परत जाल तेव्हा जास्तीची माणसं मिळाल्याशिवाय उभं राहायचं नाही, असं बजावलंय. निघताना विचारलं, असं कुणी आहे का, ज्यानं ‘झालं’ म्हटलं की तुम्हाला झालं वाटतं? घरी येईपर्यंत मी तोच विचार करत होते.

चिमणे, आपण एका अंथरुणात झोपायचो तेव्हा मी कडी बघायला दोन-दोनदा उठायचे. तू पांघरुणातून डोकंही बाहेर न काढता म्हणायचीस, लावलीय गं, झोप आता. तू बघितलेली नसायचीस, हे मला चांगलं ठाऊक असायचं, तरी मी गाढ झोपायचे. म्हणून शनिवारी तुझ्याकडे येतेय. इतकी वर्षं बोलावत होतीस आणि मी पुढच्या महिन्यावर ढकलत होते. परतीचं तिकीट काढलेलं नाही. जेवणं झाल्यावर मी टेबलाकडे बघत बसले, तर चमचे मोजायला बसू नकोस. न बघताच म्हण, बरोबर आहे गं, ऊठ आता.

तुझीच, दमलेली
ताई