माझी तीन भिंगे आणि कुंदाचा चष्मा

मी, लोटन कौतिक चौधरी, वय तेवीस, शिक्षण सातवी (अर्धी), मूळ राहणार असोदा, तालुका जळगाव, हल्ली मुक्काम सुरत, धंदा हिरे घासणे, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणी न सांगता, दारू न पिता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. सोमवारी माझी दाढ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, पाच मिनिटांचे काम. पण माझा खोलीतला सोबती अभिमन म्हणतो की त्याच्या मावसभावाचा साडू अशाच सुईनंतर उठला नाही. मेला की झोपून राहिला, हे अभिमनला नक्की माहीत नाही. म्हणून लिहिलेले बरे.

कलम १. स्थावर काही नाही. जंगमात एक पत्र्याची पेटी, दोन पँटी आणि तीन भिंगे.

कलम २. पितळी आयग्लास, दसपट मोठे दाखवणारी, डोळ्याच्या खोबणीत बसवायची. कामाला लागलो तेव्हा मला वाटले, जितके मोठे दिसेल तितके काम झकास. म्हणून दिवसभर हीच लावून, डावा डोळा मिटून बसायचो. हिरा उचलून डोळ्यापाशी आणायचा असतो. मी डोळाच घासायच्या फिरत्या चाकापाशी नेला. नाकाचा शेंडा गेला. शेजारच्या चाकावर बसणारे धुळ्याचे गिरधर नाना म्हणाले, "आरे लोटन, हाई तपासानं भिंग शे, काम करानं नही. हिरा घस, नाक नको घसू." दोन महिने माझे डोके दुखत होते ते यामुळेच, हे आईला कळावे, आणि माझ्या नावाने नारळ उतरवणे आता बंद करावे. ही आयग्लास अभिमनला द्यावी. तसाही तो ती रोज न विचारता नेतो आणि खानावळीच्या रश्श्यात बटाटा शोधतो.

कलम ३. मुठीचे भिंग. मुळात बहीण कुंदासाठी आणले होते. ती गावातल्या बायांच्या पोलक्यांना मणी-टिकल्या लावते. पण एका हातात भिंग, दुसऱ्या हातात सुई, मग कापड दातात. तीन पोलक्यांवर दातांचे ठसे उमटले. एका बाईने विचारले, घरात उंदीर झाले का. हे वडिलांना द्यावे, एसटीचे वेळापत्रक वाचायला. उन्हात ठेवू नये. मागे ठेवले तेव्हा त्यांच्याच धोतराला भोक पडले आणि नाव माझ्या बिडीचे झाले.

कलम ४. गळ्यात अडकवून छातीला टेकणारे भिंग, दुप्पट दाखवणारे. दोन्ही हात मोकळे, दोन्ही डोळे उघडे. नानांनी निवडून दिले. हे कुंदाचे. मात्र यामुळे काय झाले ते लिहिणे भाग आहे.

आपल्याकडे मुलगी पाहायला आले की तिच्या हातात सुई-दोरा देतात. पहिल्या खेपेला पाहुण्यांचे पोहे संपले, चहा संपला, दोरा काही गेला नाही. कुंदाने मला गुपचूप लिहिले, "भाऊ, सुईला दोन नाकं दिसतात. मी मधल्या जागेतून ओवते." दुसऱ्या खेपेला बोदवडचे पाहुणे आले. हिने हे भिंग पदराआड घातले. दोरा झटक्यात गेला. पण पदर सरकला आणि मुलाच्या मामांनी विचारले, "हे गयात काय वं बाई?" आई घाबरून म्हणाली, "ताईत हाये, बावा."

"इतका मोठा? मंग बाधा बी तितकीच मोठी असन," म्हणून मामा उठले. पोहे मात्र खाऊन गेले.

कलम ५. हे मुख्य. मी इथे डोळ्याच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, भिंग हे चष्म्याच्या वर असते, चष्म्याच्या जागी नसते. आधी नंबर काढा, मग उजेड चांगला घ्या, मधूनमधून लांब बघा. लांब बघायला आपल्या दारासमोर केळीची बाग आहेच. हे आईला तीन दिवाळ्या सांगितले. आई म्हणते, "चष्म्याची पोरगी कोन करते? जवान पोर, तिच्या डोयाले काय धाड भरली?"

जिवंत लोटनचे घरात कोणी ऐकत नाही. पण मेलेल्या माणसाचा शब्द आई मोडत नाही. आजी जाताना म्हणाली होती, मांजराला रोज तूप-भात घाला. ते मांजर आज दारातून मावत नाही.

म्हणून माझी शेवटची इच्छा अशी की, आई बेबाबाई हिने आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी कुंदाला जळगावला नेऊन चष्मा करावा. खर्च माझ्या पेटीतून. फ्रेम कुंदाने निवडावी, आईने नाही. पाहुण्यांसमोर तिने चष्मा लावूनच बसावे. सुई आधी मुलाने ओवून दाखवावी. त्याला न जमल्यास त्यालाही चष्मा करावा, आणि दोघांचा नंबर जुळला तर पत्रिका पाहू नये.

कलम ६. मी सोमवारी न मेल्यास हा कागद रद्द होणार नाही. तो आजच टपालात टाकत आहे. आईने घाबरू नये, पण चष्मा होईपर्यंत मला थोडे मेल्यासारखेच धरावे. आखाजीला मी येईन. फाट्यावर एसटीतून उतरलो की दारात बसलेल्या कुंदाने लांबूनच ओळखले पाहिजे, की भाऊ आला, आणि त्याच्या नाकाला शेंडा नाही.

हे सर्व वाचून दाखवले, बरोबर आहे.

लोटन कौतिक चौधरी (सही)

साक्षीदार:
१. गिरधर नाना, धुळे, हल्ली सुरत (सही)
२. भागाबाई, खानावळवाल्या (डाव्या हाताचा अंगठा, थोडे पीठ लागले आहे)

अभिमनला आयग्लास मिळणार असल्याने त्याची साक्ष चालत नाही, असे नाना म्हणाले. तो रुसला आहे.

ठिकाण: सुरत
शनिवार, ता. २ एप्रिल १९८८