वेशीवरचे आबा

नागपूर,
१८ मे २०२५

तीर्थरूप आबांस,
मयुरीचा सविनय जय भीम, वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. पोलीस भरतीचं प्रशिक्षण म्हणजे काय ते आता पायांना कळतंय. ऊन असं की टोपीखाली डोकं शिजतं. फोन फक्त रविवारी हातात मिळतो, आणि तो सगळा वेळ जेवलीस का, पाय सुजले का, हे विचारण्यात आईच संपवते. म्हणून तुमच्या आवडीच्या मार्गाने, पोस्टाने आले.

पत्रास कारण दादा. पप्पांनी त्याचा कम्प्युटर अंगणात आपटला आणि दादा जालन्याच्या गाडीत बसून गेला, त्याला दोन वर्षं झाली. नंबर बदलला, मित्रांनाही पत्ता नाही. पण एक गोष्ट मला ठाऊक आहे. आम्ही भावंडं जो ऑनलाइन खेळ खेळायचो त्याला दर महिन्याला फी भरावी लागायची. पैसे चुकले की दार बंद. घरी असल्यापासूनच दादा एका नव्या खेळाची वाट बघत होता. 'नऊ खोरी' त्याचं नाव. त्याला महिन्याची फीच नाही. खोलीत पलंगाच्या वर त्याचंच चित्र चिकटवलेलं आहे, तुम्ही पाहिलंय. तो खेळ पंधरा जूनला उघडतोय. दादा कुठेही असो, खिशात काही असो नसो, तिथे तो येणारच.

आणि मी इथे अडकले. आबा, माझा लॅपटॉप कपाटात आहे. माझ्याऐवजी तुम्ही जाल का? पप्पांना कळू देऊ नका.

माझ्यावरची माया उन्हात वाळू देऊ नका.
तुमची,
मयुरी


साखरखेर्डा,
२७ मे २०२५

चि. मयुरी हीस,
आबाचा, म्हणजे किसनरावाचा, सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. एटीएमचं मशीन आपलं बोट ओढून घेईल अशी ज्याला धास्ती, त्या माणसाला तू परमुलखात पाठवून राह्यली! खताच्या गोण्यांवरची नावं जुळवत जुळवत मी वाचायला शिकलो. त्या चित्रातल्यासारखी मला तलवार कोण देईल?

तरी लॅपटॉप पिशवीत घालून मनालीकडे गेलो. तीच आपली सोजराबाईची सून, चौकात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते ती. तिनं सगळं समजावलं. या खेळात म्हणे आपणच एक पात्र व्हायचं, आणि समोर दिसणारं दुसरं पात्रही कुठंतरी आपल्या घरी बसलेला खरा माणूस असतो. असे हजारो एका मुलखात, एकाच वेळी. मी म्हटलं, बाई, फी नाही तर मालक खातो काय? ती म्हणाली, आबा, देऊळगाव राजाच्या यात्रेत फिरायचे पैसे लागतात काय? पाळण्यात बसला तर लागतात. तसंच इथं घोडे, अंगरखे विकायला आहेत. ज्याला घ्यायचे त्यानं घ्यावे. अनवाणी हिंडला तरी कोणी हाकलत नाही.

मग तिनं खेळाची जाहिरात दाखवली. पोरी, डोंगर असे की ढग त्यांच्या घोट्याशी. धबधबा पडतो आणि त्याच्या तुषारात झाडं हलतात. अंगावर काटा आला. हे माणसांनी केलं? बोटांनी? घरी येऊन जेवण गोड लागेना. तुझा दादा, प्रसेनजित, याच्यासाठी उपाशी बसायचा, आणि आम्ही त्याला येड लागलं म्हणायचो.

जातो मी. पंधरा तारीख येता येईना झाली आहे. तुझा पप्पा दुसरबीडच्या शाळेला सुट्टी असल्याने दिवसभर घरीच आहे, पण जूनमध्ये शाळा उघडेल.

पायांना तेल लावत जा. आमची आठवण ठेव, आम्हाला तुझी वेगळी ठेवावी लागत नाही.
तुझा,
आबा


नागपूर,
६ जून २०२५

तीर्थरूप आबांस,
मयुरीचा जय भीम, वि. वि.

तुमचं पत्र बरॅकमध्ये मोठ्यानं वाचलं. सगळ्या मुली आता मला विचारतात, आबांना तलवार मिळाली का?

आता नीट ऐका. खेळ सुरू केला की प्रत्येक जण रोज एकाच वेशीतून आत येतो. तुम्ही तिथंच थांबा. लढायला जाऊ नका. आत जाताना ते तुम्हाला नाव विचारतील. तिथं 'काजवा' लिहा. जुन्या खेळात ते माझं नाव होतं. ते फक्त दादाला माहीत आहे. डोक्यावर 'काजवा' दिसलं की तो थांबेल. खरं नाव मात्र चुकूनही देऊ नका. घरचं मोठं कोणी आलंय हे दिसलं तर तो फिरून कधीच त्या वेशीत यायचा नाही. त्याचा राग अजून ओला आहे, आबा. आणि मग त्याला शोधायला दुसरी जागाच उरणार नाही.

तेवढं नाव सांभाळा आणि मलाही.
मयुरी


साखरखेर्डा,
२२ जून २०२५

चि. मयुरीस,
आबाचा जय भीम आणि आशीर्वाद.

आधी चांगलं सांगतो, मग वाईट.

पंधरा तारखेला मनालीनं केंद्राचं शटर अर्धं ओढलं आणि आम्ही बसलो. खेळाच्या दारावर ही गर्दी! पडद्यावर लिहून आलं की तुमच्या पुढे रांगेत इतकी हजार माणसं आहेत. तितकी माणसं तर आपल्या अख्ख्या गावात नाहीत. आणि रांगेत कोणी कोणाला ढकलत नव्हतं. मग एकदम पडदा उजळला आणि मी वेशीत उभा. मयुरी, तिथं सकाळ होत होती. ऊन आधी लांबच्या शिखरावर पडलं, मग हळूहळू उतरत उतरत माझ्या पायांपाशी आलं. मी वाकून पाहिलं तर माझी सावली होती. सत्तरी ओलांडलेला माणूस मी, स्वतःची सावली बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं. चहूकडून लोक येत होते. कोणाला शेपूट, कोणाला पंख, कोणी राक्षसाएवढा. आणि आडनाव कोणालाच नाही.

आता वाईट. नावाची चौकट आली तेव्हा मनालीनं रोजच्या सवयीनं विचारलं, पूर्ण नाव? आणि मीही रोजच्या सवयीनं सांगितलं, किसनराव तेजराव, मु. पो. साखरखेर्डा. तिनं ते लिहून दाबूनही टाकलं. माझ्या डोक्यावर दुकानाच्या पाटीसारखं ते तरंगायला लागलं, तेव्हा आम्हाला काजवा आठवला. मनालीनं कपाळ बडवून घेतलं. एकदा दिलं की बदलत नाही म्हणे. आणि एका माणसाला एकच पात्र, म्हणून मला दुसरंही करता येईना.

मी रोज जातो, वेशीवर उभा राहतो. येणाऱ्याला, आपल्याकडे विचारतात तसं, कोणाकडचे म्हणून विचारतो. माझ्या लहानपणी हाच प्रश्न आम्हाला विचारायचे आणि उत्तर ऐकून कोणत्या वाटेनं जायचं ते दाखवायचे. इथं मी विचारतो आणि उत्तर काहीही आलं तरी या म्हणतो. काय बरं वाटतं! कोणी केरळातला निघतो, कोणी समुद्रापलीकडची बाई. मनाली वाचून सांगते. लोक मला वेशीवरचे आबा म्हणायला लागले.

रागावू नको. रागावलीस तरी पत्र लिही.
आबा


नागपूर,
१ जुलै २०२५

तीर्थरूप आबांस,
जय भीम, वि. वि.

काय लिहू? कपडे धुण्याच्या हौदामागे जाऊन रडले, मग 'मु. पो.' आठवून हसले, मग परत रडले. आबा, एकच गोष्ट सांगितली होती. दादानं तुमची पाटी लांबूनच वाचली असेल आणि कायमचा गेला असेल. आता निदान ते कोणाकडचे विचारणं तरी थांबवा. घरापासून पळालेल्या माणसाला हाच प्रश्न सगळ्यात जास्त टोचतो.

तुमच्यावर रागावता येत नाही, हीच अडचण आहे.
मयुरी


साखरखेर्डा,
२७ जुलै २०२५

चि. मयुरीस,
आबाचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

तू सांगितलंस म्हणून विचारणं थांबवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. वेशीत माणूस आलं आणि आपण तोंड मिटून उभं, हे मला मेल्यावरही जमणार नाही.

एक जण रोज यायचा. शिंगांचा टोप, पाठीवर कासवाएवढी ढाल. लांब झाडाखाली उभा राहायचा आणि न बोलता निघून जायचा. मला वाटलं मुका असेल बिचारा. इथं भाकरीसारखं काहीतरी मिळतं, ते मी त्याच्यासाठी दगडावर ठेवून द्यायचो. तो घ्यायचा नाही. तरी यायचा.

मनालीकडे अर्जांची गर्दी म्हणून मागच्या आठवड्यात लॅपटॉप घरी आणला होता. टाइप करणं आता माझं मलाच जमतं. तर परवा तुझा पप्पा शाळेतून लवकर आला आणि दारातच थांबला. मी लॅपटॉप छातीशी धरायच्या बेतात. आता हाही अंगणात जातो म्हटलं. नागसेननं विचारलं, बाबा, हे काय करून राह्यले? मी सांगितलं, तुझ्या पोराची वाट पाहून राह्यलो.  नागसेन मागे खुर्ची ओढून बसला.

तेवढ्यात तो शिंगवाला झाडाखालून निघाला आणि सरळ माझ्यासमोर आला. मी विचारलं, कोणाकडचे?  मग एकेक अक्षर उमटलं.

तुमच्याकडचा.

मयुरी, मी चष्मा काढून पुसत बसलो. त्यानंच पुढं लिहिलं, आबा, तुम्ही खरंच तुम्हीच काय? मी लिहिलं, हाव. मग म्हणाला, पहिल्याच दिवशी पाटी वाचली आणि पळालो होतो. पण स्वतःचं नाव-गाव लावून इथं कोण उभं राहतं, हेच पाहायला परत येत गेलो. फसवायचं असतं तर तुम्ही दुसरं नाव घेतलं असतं.

त्यानं मला डोंगरावर नेलं. मी चारदा घसरलो, तो दरवेळी मागे फिरून थांबला. वर गेलो तर नऊच्या नऊ खोरी खाली. नद्या अशा चमकत होत्या की मी श्वास घ्यायचा विसरलो. तो म्हणाला, हेच दाखवायचं होतं मला घरी सगळ्यांना. कोणी खुर्चीवर बसलंच नाही.

मागे वळून पाहिलं तर नागसेन उठून मोरीत गेला होता. पाणी वाहत ठेवून तोंड धुत होता, कितीतरी वेळ.

तू तुझी कवायत सांभाळ. बाकी सगळं आता सावकाश.
आबा


साखरखेर्डा,
१७ ऑगस्ट २०२५

चि. प्रसेनजित यास,
आबाचा सप्रेम जय भीम आणि खूप खूप आशीर्वाद.

तू सिन्नरचा पत्ता दिलास तेव्हापासून हे पाकीट लिहून ठेवलं होतं, आतला कागद मात्र आज भरतो आहे. खेळात बोलणं झरझर होतं. काही गोष्टी मला तशा बोलता येत नाहीत.

कारखान्यात जेवण वेळेवर मिळतं हे वाचून तुझ्या आईनं दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी भांडण काढलं. तिच्या मते वेळेवर म्हणजे काय ते तुला कळत नाही. म्हणजे ती बरी आहे. मयुरी पळण्यात पहिली आली. घरी ये असं मी म्हणत नाही. येशील तेव्हा तुझी खोली तशीच आहे, चित्रही तसंच आहे.

आता कामाचं. गेले काही दिवस तुझा पप्पा रोज माझ्यामागे बसतो. आधी वर्तमानपत्र घेऊन बसायचा, आता तेही नाही. परवा आपण नदी ओलांडत होतो, तेव्हा तो मागून म्हणाला, डावीकडून जा म्हणा त्याला, तिकडं पाणी उथळ दिसते. मी ते तुला लिहिलं नाही. तुला न विचारता त्याचा शब्द तुझ्यापुढं ठेवणं मला बरोबर वाटेना.

काल त्यानं मनालीकडे जाऊन तिथल्या कम्प्युटरवर स्वतःचं पात्र केलं. मास्तर माणूस, तासभर नुसता चेहरा निवडत बसला. शेवटी शिंग नाही, पंख नाही, साधा माणूस केला. नाव पूर्ण दिलं, गावासकट. मनाली म्हणाली, दाबा आता, आत जा. त्यानं दाबलं नाही. म्हणाला, त्याले आधी विचारा. तो नको म्हणला तर मी इथूनच परत जातो.

पडदा तसाच ठेवून तो घरी आला. मनालीनं मशीन बंद केलेलं नाही.

म्हणून विचारतो, बाळा. तुझा बाप वेशीबाहेर उभा आहे. आत घेऊ का? तुझं हो-नाही कळेपर्यंत आम्ही त्याला काही सांगणार नाही, आणि उत्तराची घाईही करणार नाही. पोस्टाला लागतो तेवढा वेळ तुलाही लागू दे.

तुझा,
आबा