कुळथाचं कढण

पेण, मंगळवार, दिवेलागण

आजही शेजारच्या सुमनवहिनी कुळथाच्या कढणाचा डबा घेऊन आल्या. "प्या भावजी गरम गरम, खडा आपसूक पडंल." मूतखडा! मीच सांगितलंय ना तसं. मग काय सांगायचं होतं? लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप, आणि गोळ्यांनी काही तो हटेना. शेवटी रोह्याच्या सर्जननी मागून बोट घालून तपासलं, तेव्हा मी ओरडलोच. सोनोग्राफीत प्रोस्टेटमध्ये पू दिसला. "क्वचित होतं असं. तुमची साखर वाढलेली, त्यात हे," म्हणाले. दुर्बिणीतून पू काढला. हे बाईमाणसाला कसं सांगू? पुण्याच्या मुलालासुद्धा फोनवर खडाच सांगितला.

आता ताप नाही, जळजळ नाही, लघवीची नळीही निघाली. बरा झालोय मी, अगदी ठणठणीत. पण आमची ही गेल्यापासून संध्याकाळी या दाराची कडी कोण वाजवत होतं? कढणाला लसणीची फोडणी असते. हिच्या हातची नव्हे, पण गरम असते.

डबा विसळून परत दिला, तेव्हा वहिनींनी विचारलं, "काय ओ, पडला का खडा?"

"नाय अजून," म्हटलं.