शेवटची गाठ कुणी मारायची

अण्णा, दुकानाबद्दल तुम्हाला सांगायचं राहून गेलं आहे. तुम्हाला ठाऊक असलेलं दुकान म्हणजे तुळजापुरात देवळाकडे जाणाऱ्या गल्लीतली आपली ओट्यावरची बैठक. ती जागा तुम्ही गेलात त्याच वर्षी दुसऱ्यांनी घेतली. मी तेव्हा अकरावीत होते. आता ज्या दुकानाबद्दल लिहिते आहे ते तुम्ही पाहिलेलं नाही. ते मोबाईलमध्ये आहे. हसू नका. देवीच्या माळा अजून घरातच होतात, आई कवड्यांची पाठ घासून भोकं पाडते आणि मी ओवते. फक्त गिऱ्हाईक समोर नसतं.

तुमचं गिऱ्हाईक समोर असायचं. बाई घाईत आहे, सोलापूरची गाडी सुटायला आली आहे, आणि तुम्ही शांतपणे विचारताय, "कुणाच्या गळ्यात घालायची?" "माज्या सुनंच्या." "उंच हाय का बुटकी?" "बुटकीच हाय, पर लई तोंडाळ." "तोंडाचं माप नको मावशी, गळ्याचं सांगा." सगळी गल्ली हसते, बाईसुद्धा हसते, आणि गाडीची आठवण कुणालाच राहत नाही. मग तुम्ही पुढचं विचारता, "घरात थोरलं कोण?" कारण शेवटची गाठ तुम्ही मारत नव्हता. दोऱ्याची दोन्ही टोकं मोकळी ठेवून, कवड्या निसटू नयेत म्हणून माळ फडक्यात गुंडाळून द्यायचा. गाठ घरी, देवीपुढं, घरातल्या थोरल्या माणसानं मारायची. त्याशिवाय माळ दुकानाचीच राहते, घरची होत नाही, असं तुम्ही म्हणायचा. ही आपल्या घरची रीत. बाकीचे दुकानदार तयार माळा खुंटीला टांगून विकायचे आणि तुम्हाला चिडवायचे, "अर्धवट माल इकून पैसे मातर पुरे घेतोय बघा." एका नवरात्रात गर्दी बघून मीही म्हणाले होते, अण्णा, आपणही आधीच गाठी मारून ठेवू या की. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "का? चपला इकायला बसलोय का आपण?" चार माणसांपुढं बोललात म्हणून मला लई राग आला होता.

पदवी झाल्यावर सगळे म्हणाले, बँकेच्या परीक्षा दे. आपल्या घरात पहिल्यांदाच कुणी इतकं शिकलं होतं, त्यामुळे सल्ला देणारेही पुष्कळ झाले. मी मात्र वेबसाईट बनवली. मला खरंच वाटत होतं की तुमची विचारायची पद्धत अशी दूरवर नेता येईल. गळ्याचं माप दोऱ्यानं कसं घ्यायचं, माळ तुटली तर कवड्यांचं काय करायचं, गाठ कुणी आणि का मारायची, हे सगळं तुम्ही बोलायचात तसंच लिहून काढलं. लोक मोबाईलवर शोधायचे, आपलं पान उघडायचे आणि फोन करायचे. पुण्याहून, कलबुर्गीहून, एकदा तर परदेशातून. मी विचारायची, घरात थोरलं कोण? आणि पलीकडची माणसं बोलत सुटायची. सासूबद्दल, नवसाबद्दल, गावी पडून राहिलेल्या काकांबद्दल. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "तुज्या बापासारकीच हायस, माळंपरीस गप्पाच लांब." ती वर्षं बरी गेली.

मग फोन कमी झाले. आधी वाटलं, दिवस वाईट आहेत. नंतर मीच एकदा शोधून पाहिलं. ज्या कंपनीच्या यंत्रावर सगळं जग शोधतं, ते यंत्र आता लोकांना आपल्या पानापर्यंत येऊच देत नाही. ते आपलं पान वाचतं, त्याचं चार ओळींचं उत्तर करून वरच दाखवतं. त्यात वाक्यं तुमचीच आहेत, अण्णा, पण तुमचं नाव नाही, आपल्या दुकानाचं नाही. उत्तर वरच मिळाल्यावर खाली कोण येणार? त्यात चोरी झाली असं म्हणायचं तरी कुणाला, तेही कळत नाही. तक्रारीचं पान आहे, तिथं लिहिलं, उत्तर आलं नाही.

म्हणून मग सगळ्यांसारखी मीही मोठ्या बाजारात गेले. तीही अशीच एक मोठी कंपनी, सुईपासून कपाटापर्यंत सगळं विकते. तिथं उघड्या टोकांची माळ म्हणजे सदोष माल. पाकीट फोडताना कवड्या सांडायच्या आणि माळ परत यायची. मदतीच्या नंबरवर एकाला समजावलं, तर तो म्हणाला, "म्हणजे मॅडम, असेंब्ली ग्राहकाने करायची?" मी म्हणाले, तसंच समजा. "मग जोडणी आवश्यक अशी खूण करा." मी इमानदारीनं केली. दुसऱ्या दिवशी आपली माळ घडीच्या टेबलांच्या आणि चपलांच्या रॅकच्या रांगेत दिसत होती. आई आणि मी पोट धरून हसलो. त्या आठवड्यात एकही माळ गेली नाही. यादीत सगळ्यात वर प्लास्टिकच्या कवड्यांच्या माळा, गाठ मारून तयार, घरपोच.

गेल्या महिन्यात एक माळ परत आली. तिच्याखाली बाईनं अभिप्राय लिहिला होता: माळ चांगली आहे, पण मी एकटी राहते, गाठ मारायला मोठं कुणी नाही. मोबाईलवर विचारलं तर घरातल्या थोरल्यानंच मारायची असते असं आलं, म्हणून परत करते आहे. अण्णा, मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कारण माझ्या पानावर त्याच्या पुढचं वाक्यही आहे. ज्यांच्या घरी कुणी नाही त्यांनी आम्हाला सांगावं, गाठ आम्ही मारून देऊ. यंत्रानं पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं सोडून दिलं.

ते दुसरं वाक्य कुठून आलं ते तुम्हाला आठवतंय का? येरमाळ्याकडची एक म्हातारी आली होती. तुम्ही नेहमीचं विचारलंत, घरात थोरलं कोण? ती म्हणाली, "कुणी न्हाय बाबा. मीच थोरली आन् मीच धाकली." तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत, ओट्यावरून खाली उतरलात, चपला काढल्यात आणि तिच्यापुढं उभं राहून गाठ मारलीत. म्हणालात, "आता मी हाय थोरला. म्हंजी आता माजं ऐकावं लागतंय. उनातानात हिंडायचं न्हाय." ती हसता हसता रडली होती.

मला त्या एकट्या बाईला एवढंच सांगायचं होतं. पण ती कंपनीची गिऱ्हाईक, माझी नाही. तिचा फोन मला दिसत नाही. पाकिटावर पत्ता असतो म्हणावं तर पाकिटं आता कंपनीच्या गोदामातूनच परस्पर जातात. अभिप्रायाखाली उत्तर लिहून आपला नंबर दिला. नंबर दिला म्हणून उत्तर काढून टाकलं आणि मला ताकीद आली. नंबर न देता लिहिलं, ते अजून तपासणीत आहे. ती बाई कशाला पुन्हा बघायला येते? पाठोपाठ दुसरी सूचना आली: परत येणारा माल फार झाला, यापुढं माळ गाठ मारून पाठवायचं कबूल करा, नाहीतर दुकान बंद. आई म्हणाली, "त्या कंपनीला काय कळतंय गाठीचं? मारून टाक आन् मोकळी हो. घर चालवायचंय का रीत?" मी तिच्याशी भांडले. तुमची रीत, तुमचं म्हणणं, काय काय बोलले. ती म्हणाली, "मला नको सांगू. चाळीस जत्रा तुज्या बापाशेजारी बसून काढल्यात म्या."

मी स्वतःला समजावते की गाठ मारलेली असती तर आज ती बाई माळ घालून असती. हे खरंच आहे. पण तुम्ही त्या म्हातारीला आधी विचारलं होतं. मी न विचारताच सगळ्यांची थोरली होणार.

तुम्हाला विचारावं म्हणून लिहायला बसले. हे पाठवायला पत्ता नाही, ते मलाही ठाऊक आहे, तरी बसले. पण खरं सांगायचं तर कबूल मी सकाळीच करून टाकलं, आई अंघोळीला गेली होती तेव्हा. दुपारपासून माळा गाठी मारून ठेवते आहे. वाटलं होतं पहिल्या गाठीला जड जाईल. गेलं नाही, अण्णा. दुसऱ्या माळेला तर मी मोबाईलवर बोलत होते.