कोणासंग आले म्हणून सांगू

६ नोव्हें., गुरु.
नांदेडच्या गॅलरीतून अजून फोन नाही. चित्रं देऊन तीन आठवडे झाले. ही तिसरी खेप. मागच्या दोन्ही वेळा परत आली ती सुतळीची गाठसुद्धा न सुटता. इथे शाळेत रोज कुणीतरी विचारतं, "काय सर, लागली का चित्रं?" आत्ताचं प्रदर्शन उतरलं की पुढचं मराठवाड्यातल्या नव्या चित्रकारांचं. चाळिशीत नवा! असो. रविवारी स्वतःच जाऊन निवड करणाऱ्या मॅडमना भेटावं.

८, शनि.
माय म्हणते, "मी बी येते. कागद काळे करून कुठं नेऊन देतूस ते पाहू तरी दे." नको म्हणायला कारण सुचलं नाही.

९, रवि.
सेनगावहून सकाळची एसटी, हिंगोलीला गाडी बदलली. गॅलरीच्या दारातच मायने चपला काढल्या. घाल म्हटलं तर ऐकेना. तिला खालच्या हॉलमध्ये बाकावर बसवून मी वर मॅडमच्या ऑफिसात गेलो. मीटिंग चालू होती. दहा मिनिटं ताटकळून खाली आलो, तर...

हॉलमध्ये जमिनीवर पांढऱ्या पट्टीवर सात गोटे ओळीने मांडलेले. कुणा मोठ्या शिल्पकाराचं काम. माय त्यांच्यापुढे उकिडवी. सातही दगडांना कुंकू लावून झालेलं, तिच्या केसातली शेवंती मधल्या दगडावर. आमच्या विहिरीवर साती आसरा मांडल्यात, अगदी तशाच. तिचं काय चुकलं?

गार्ड ओरडत आला. माय त्यालाच म्हणते, "काहून वरडून राहिला बाप्पा? देव मांडले अन् कुंकू बी न्हाई लावलं तुमी."

आवाज ऐकून मॅडम जिन्यात आल्या. गार्डने सगळ्यांना विचारलं, "या बाईंसोबत कोण आहे?"

मी भिंतीवरच्या चित्राकडे पाहत उभा राहिलो. कसलं चित्र होतं, आता आठवतही नाही.

मायने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग गार्डला म्हणाली, "कोणी न्हाई. एकलीच आले मी."

गार्डने तिला बाहेर काढलं. मी मॅडमना न भेटताच निघालो, ती स्टँडवर भेटली. विचारत विचारत पायी आली होती. गाडीत भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी भाकर मला दिली. मी ती खाल्ली.

११, मंगळ.
लाज वाटते. लिहूनही कमी होत नाही. सकाळी बोलायला गेलो तर तिने "कापूस येचायचाय" म्हणत ओटी बांधली आणि निघाली.
आणि एवढं होऊन जीव अडकलाय कुठे, तर गॅलरीच्या दारावरच्या कॅमेऱ्यात. दारातून आम्ही दोघं सोबत शिरलो, ते मॅडमनी पाहिलं असेल का?

१४, शुक्र.
मधल्या सुट्टीत मॅडमचा फोन. दोन चित्रं घेतली! मग म्हणाल्या, "रविवारी तुम्ही आला होतात ना? शिपाई म्हणाला. त्या बाई कुठल्या, काही कळलं का? डाग जात नाहीये. शिल्पकार फार चिडलेत."
"नाही मॅडम. मी वर होतो."
अर्धं खरं. रविवारी निदान गप्प तरी होतो. आज तोंडाने बोललो.
फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी उद्घाटन. आईवडिलांना नक्की आणा."

१५, शनि.
घरी सांगितलं. माय ज्वारी पाखडत होती. चेहरा खुलला तिचा, लपवता आलं नाही. वाटलं, मिटलं.
म्हटलं, "माय, तुला यायचंय. मॅडमनी बोलावलंय."
तिने सूप खाली ठेवलं. आवाजात राग नव्हता. उद्या भाजी कोणती करू, असं विचारावं तसं विचारलं.
"येते की. पर तिथं कोणी इचारलं, तर कोणासंग आले म्हून सांगू?"

मॅडमचा नंबर काढून बसलोय. अजून लावला नाही.