दुखणे वगळून बाकी सर्व

मी, शरच्चंद्र विष्णू हुदलीकर, वय वर्षे अठ्ठावन्न, राहणार खासबाग, बेळगाव, माझ्या पश्चात कोणी कोणाशी भांडू नये आणि भांडलेच तर निदान मुद्द्यावर भांडावे, म्हणून हे मृत्युपत्र करून ठेवतो. ते करण्यास मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझी पत्नी रुक्माबाई हिचे म्हणणे असे की, धडधाकट माणसाने असले अभद्र कागद करू नयेत. माझी शुद्ध शाबूत आहे आणि बुद्धी पूर्वी होती तेवढीच आहे. त्याबद्दल डॉक्टर गोपाळराव किणेकर यांचा दाखला सोबत जोडला आहे. मी आजारी नाही असे एखाद्या डॉक्टरने कागदावर लिहून द्यावे, ही माझी फार जुनी इच्छा होती. काम झाल्यावर दाखल्याला काच बसवून तो ओटीवर लावावा.

हा कागद माझ्या सांगण्यावरून माझा पुतण्या आनंद लिहीत आहे. आनंद हा माझे थोरले बंधू भास्करअण्णा यांचा मुलगा. ज्याला मिळायचे त्याच्याच हाताने लिहून घेऊ नये, संशयाला जागा राहते, असे वकिलांनी बजावले होते. पण आमच्या घरात संशय घेणारे एकटे अण्णा, आणि ते समोरच बसले आहेत. शिवाय आनंदचे अक्षर वळणदार आहे आणि गेल्या दसऱ्यापासून त्याला वेळही आहे. हे वाक्य लिहायला तो तयार नव्हता. लिही म्हटले, तेव्हा लिहिले.

कलम पहिले, घराबद्दल. खासबागेतील माझ्या वाटणीचे घर, म्हणजे दोन खोल्या, ओटी, परसातली आडाकडची बाजू आणि रस्त्यावरचा कट्टा, हे सर्व रुक्माबाईच्या हयातीत तिचे. तिच्यामागे ते आनंदचे. आम्हांला मूल नाही, आणि असते तरी आनंदला काही दिल्यावाचून मी राहिलो नसतो. मात्र यास एक अट आहे. अट समजण्यासाठी मागचे थोडे सांगावे लागेल. वकील म्हणतात, मृत्युपत्रात गोष्टी सांगू नयेत. वकिलांनी त्यांच्या मृत्युपत्रात सांगू नयेत.

मी निपाणीत एका तंबाखूच्या कंपनीच्या वखारीत हेडक्लार्क होतो. शनिवारी मोटारीने घरी यायचे, सोमवारी पहाटे परत जायचे, असा शिरस्ता. १९३१ साली भाव पडले, कंपनीने वखार बंद केली आणि मी ट्रंक घेऊन मंगळवारीच घरी आलो. मंगळवारी आलेला पाहूनच अण्णांनी ओळखले. त्या वेळी त्यांच्या मुलीचे, सुनंदाचे, लग्न लोंढ्याला जमत आले होते. मुलाचे वडील रेल्वेत गुड्सक्लार्क. घरातला मिळवता भाऊ बेकार झाला असे कळले तर मंडळी मागे फिरतील, या धास्तीने अण्णांनी दारातच माझ्या हातातली ट्रंक घेतली आणि म्हणाले, "शरद, चार दिवस पडून राहा. दुखण्याच्या रजेवर आलायस असं सांगू. सुनंदाचं जमलं की ऊठ."

मी पडलो. आमच्याकडे माणूस नोकरीतून गेला तर लोक तोंड लपवतात आणि दुखण्याने पडला तर लिंबू घेऊन भेटायला येतात. तेव्हा पडणे सोयीचे वाटले. परंतु पडलेल्या माणसाला भेटायला सगळे गाव येते, याचा विचार दोघांनीही केला नव्हता. भर वैशाखात माझ्या कानांवर टोपी आणि गळ्याला मफलर आला. कोणी समोर असले की मऊभात आणि मेतकूट. आणि कोणीतरी सदाच समोर असे. आमच्या गल्लीतले शामूवैद्य नाडी धरून डोळे मिटत आणि डोळे उघडले की काढा सांगत. उचगावची मनुमावशी अंगारा घेऊन आली आणि आठवडाभर मुक्कामाला राहिली. तेवढे दिवस मला खोकावेही लागले.

हसण्यासारखे होते आणि पहिले काही दिवस मी पांघरुणात हसतही होतो. मग झोप गेली. पोस्टमनची चाहूल लागली की छाती धडधडू लागे. चहाचा कप उचलताना बशी वाजे. पुढे पुढे खरोखरच मऊभाताखेरीज काही पचेना. कोणी "आता कसं आहे?" म्हणून विचारले की खरे काय दुखते ते सांगायची सोय नाही, आणि खोटे सांगावे तर तेही आता दुखू लागलेले. मिळकत काही नाही आणि औषधाचा खर्च मात्र हेडक्लार्काचा. रुक्मेच्या पाटल्या गेल्या, त्या मला नसलेल्या रोगाच्या टॉनिकासाठी गेल्या. मी रडलो तेव्हा ती म्हणाली, "सोन्याचं राहू द्या हो. तुम्ही एकदा पोटभर जेवा."

त्या दिवसांत मनात नको ते विचार येत. ते काय होते हे कायद्याच्या कागदात लिहिण्याचे कारण नाही. पण आनंद, तू लिहितो आहेस म्हणून सांगतो. ते येतात, बसतात, आणि कोणाशी बोलले की उठून जातात. हे वाक्य खोडू नये.

आता अण्णांच्या हिशेबाचे काय झाले ते सांगतो. बोलणी रेंगाळली आणि चार दिवसांचे वर्ष झाले. लोंढ्याहून निरोप आला की मुलगी पसंत आहे, परंतु तिच्या काकांचे दुखणे लांबले, ते क्षयाचे तर नव्हे ना. बेकार काका त्यांना चालला असता, खोकणारा चालणार नव्हता. खात्री करून घ्यायला मुलाचे वडील स्वतः आले. अण्णांची पंचाईत झाली. क्षय नाही म्हणावे तर मग काय आहे ते सांगावे लागणार. त्याच दिवशी दैवयोगाने निपाणीहून बाबगोंडा पाटील येऊन ठेपले. हे तंबाखूचे व्यापारी, वखारीत रोजचे येणारे, माझे स्नेही. मी शेवटच्या घटका मोजतो आहे असे त्यांना निपाणीच्या बाजारात कळले होते. येताना नारळ आणि गुळाची ढेप आणली होती. त्यांचा आवाज शेतातला आहे, घरात मावत नाही. दारातूनच त्यांनी सुरुवात केली.

"कसला क्षय, ओ? कंपनी बंद पडून वरीस झालं की. नोकरी गेलीया ह्यांची, दुसरं काय न्हाय. ह्या उकाड्यात टोपरं कुणी घातलं?"

अण्णा खाली बसले. मुलाच्या वडिलांनी उपरण्याने कपाळ पुसले आणि ते म्हणाले, त्यांच्या खात्यातही माणसे कमी करायचे चालले आहे, त्यांनाही महिनाभर झोप नाही. घरी कोणाला सांगितलेले नाही. पुढच्याच महिन्यात सुनंदाचे लग्न झाले. मी पंगतीत बसून जिलब्या खाल्ल्या. शामूवैद्यांनी त्याचे श्रेय काढ्याला दिले.

नोंद एवढीच करतो की झोप मला त्याच रात्री लागली. हाताचा कंप मात्र बाबगोंडांच्या दुकानी जमाखर्च लिहायला जाऊ लागलो तेव्हा गेला, आणि पगार पूर्वीच्या निम्मा होता.

आता अट. लढाईत आमच्या बेळगावच्या कँपात लष्कराचे एक कोठार उघडले होते. लढाई संपली, कोठार बंद झाले, तिथल्या कारकुनांबरोबर आनंदही घरी आला. दसऱ्यापासून अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की मुलाच्या छातीत जरा अशक्तपणा आहे. आनंद आतल्या खोलीत पडलेला असतो. त्याला जेवण जात नाही. त्याचा दिवा विझलेला असतो आणि डोळे उघडे असतात, हे रुक्मेने पाहिले आहे. हे मृत्युपत्र आजच करण्याचे कारण तेच. मला मरायची घाई नाही, मला त्याची भीती वाटते.

तरी आनंदला घर मिळावे यासाठी त्याने आजपासूनच इतके करावे की, कोणी विचारले तर आहे ते सांगावे आणि संध्याकाळी आतल्या खोलीत नव्हे, कट्ट्यावर बसावे. घरातील कोणीही, विशेषतः ज्यांचे नाव भास्कर आहे त्यांनी, त्याला दुखणाईत म्हणून जाहीर केल्यास दर खेपेस माझा कट्टा महिनाभर गल्लीतल्या पत्ते कुटणाऱ्या मंडळींना मोकळा राहील. ती मंडळी किती मोठ्याने हसतात हे अण्णांना माहीत आहे. मंडळींना मी कळवून ठेवले आहे आणि ती आशेवर आहेत.

यावरून कोणी असे समजू नये की नोकरी गेलेल्याला काही होत नाही. होते. खरेच दुखते. दुखल्यास डॉक्टर किणेकरांकडे जावे, पण आधी कारण सांगावे आणि मग लक्षणे. मी उलटे केले होते.

कलम दुसरे. पोस्टातील शिल्लकेतून प्रथम रुक्माबाईसाठी पाटल्या कराव्यात, पूर्वीच्यापेक्षा जाड. ती नको म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नये. राहील त्यातून आनंदने अर्जांची तिकिटे, मुलाखतीचे गाडीभाडे आणि मित्रांबरोबरचा चहा भागवावा. चहाचे मुद्दाम लिहिले आहे. बेकार माणूस पहिल्यांदा चहाच्या मंडळींतून उठतो, कारण पाळी आली की पैसे द्यावे लागतात. टॉनिकाची बाटली या पैशातून आणू नये.

कलम तिसरे. माळ्यावर टॉनिकाच्या रिकाम्या बाटल्या आहेत, त्या शामूवैद्यांना. कानटोपी व मफलर अण्णांना. त्यांनी ती येत्या वैशाखात एक दुपार घालून बसावे, मग वाटल्यास देऊन टाकावी. ज्या बाजेवर मी पडून होतो ती मोडून बंबात घालावी आणि त्या पाण्याने आनंदने पहिली आंघोळ करावी. तपकिरीची डबी बाबगोंडा पाटलांना. तिच्यात त्यांची बोटे इतकी वर्षे आहेतच, आता डबीही असू द्यावी. सुनंदाला लोंढ्याला माझे घड्याळ. तिच्या सासऱ्यांच्या गाड्या वेळेवर येत नसत, तरी.

कलम चौथे. अण्णांना पैशाअडक्याचे काही ठेवलेले नाही, कारण ते घेणार नाहीत. मी पडून होतो तेव्हा त्यांनी दोन्ही चुली चालवल्या आणि एका शब्दाने बोलून दाखवले नाही. मला त्यांनी निजवले ते लाजेने नव्हे, लेकीच्या काळजीने. आणि आता मुलाला निजवतात तेही काळजीनेच. म्हणून मला त्यांचा राग फार आहे आणि माया त्याहून जास्त आहे. हे मी तोंडावर कधी बोललो नाही. आज त्यांच्या मुलाच्या हाताने लिहून दिले आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी बाबगोंडा पाटलांनी करावी. कोणी कुरकुर केल्यास त्यांनी नुसते आपल्या नेहमीच्या आवाजात बोलावे.

वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. मजकूर वाचताना एके ठिकाणी वाचणाऱ्याने कागद बाबगोंडांपुढे सरकवला, तेवढा भाग त्यांनी वाचला व तो शेजारच्या गल्लीतही ऐकू गेला.

बेळगाव, रविवार, ता. ९ मार्च १९४७.

सही : शरच्चंद्र विष्णू हुदलीकर

आम्हां दोघांसमक्ष सही झाली, आणि त्यांच्यासमक्ष आम्ही करीत आहोत :

१. बाबगोंडा आप्पासाहेब पाटील, वय ६३, धंदा तंबाखूचा व्यापार, रा. निपाणी.

२. डॉ. गोपाळराव किणेकर, वय ५१, धंदा डॉक्टरी, रा. बेळगाव.

हस्ताक्षर : आनंद भास्कर हुदलीकर, वय २७, रा. खासबाग. धंदा : काही नाही. दसऱ्यापासून बेकार आहे. छातीत काही नाही.

वरील नोंद मी वाचली. खरी आहे. भास्कर विष्णू हुदलीकर, लिहिणाराचा बाप.